दोन कामांमधली उसंत: सावकाश जगायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

दाराला कुलूप लावून, जिना उतरून रस्त्यापर्यंत पोहोचावे आणि तिथे अचानक मनात यावे, की कुलूप खरेच लावले का? परत वर जाऊन पाहिले तर बहुतेक वेळा ते लावलेलेच असते. हातांनी आपले काम चोख केलेले असते. फक्त ते होत असताना आपण तिथे नसतो. किल्ली फिरत होती तेव्हा मन पुढच्या बैठकीत पोहोचलेले होते, मघाच्या बोलण्यात अडकलेले होते किंवा उशीर होणार या धास्तीत होते. सावकाश जगणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला या कुलपाइतके जवळचे उदाहरण मला सापडलेले नाही. कुलूप लावायला जेमतेम पाच-सात सेकंद लागतात आणि ते लक्षपूर्वक लावले तरी तेवढेच लागतात. तरीही जिन्यात थबकणे, मागे फिरणे, धापा टाकत पुन्हा उतरणे आणि त्या दिवसाच्या सुरुवातीलाच स्वतःवर चिडणे, हे सगळे टळते.

सावकाश जगायचे म्हणजे कामे कमी करायची, नोकरी सोडायची किंवा पहाटे तासभर डोळे मिटून बसायचे, अशा समजुतीने अनेक जण सुरुवातच करत नाहीत. ज्यांच्यावर घर, नोकरी, मुले आणि आजारी माणसे यांची जबाबदारी आहे, त्यांना कामे कमी करण्याचा सल्ला देणे अन्यायाचे आहे. माझ्या अनुभवात घाई कामांमध्ये फारशी नसते. ती दोन कामांच्या सांध्यावर असते. एक काम संपले न संपले तोच आपण दुसऱ्यात शिरतो, पहिल्याचे ओझे तसेच घेऊन शिरतो, आणि संध्याकाळपर्यंत एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होते. म्हणून या लेखातल्या बहुतेक पायऱ्या त्या सांध्यांविषयी आहेत.

शब्दाविषयी थोडेसे

ज्याला आज सजगता म्हणतात, त्यासाठी आपल्याकडे ‘भान’ हा नेमका शब्द आहे. आपण भानावर येतो, आपले भान हरपते, कोणाला आपण भान ठेवायला सांगतो. बौद्ध परंपरेतला पाली शब्द ‘सति’ हा संस्कृतातल्या ‘स्मृति’शी जोडलेला आहे, म्हणजे त्याच्या मुळाशी आठवण आहे: आपण आत्ता काय करतो आहोत याची आठवण. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स या अभ्यासकाने १८८१ मध्ये या शब्दासाठी इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ हा प्रतिशब्द वापरला आणि तोच पुढे रूढ झाला. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ वेदना आणि ताण सोसणाऱ्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला; आज रुग्णालयांत आणि कार्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या सजगतेचा बराच भाग तिथून आलेला आहे. नवख्या माणसाने इतके जाणून घेतले तरी पुरे. आठवण ठेवणे हा मूळ अर्थ मात्र लक्षात असू द्यावा, कारण तो धीर देणारा आहे: विसरणे हे अपयश नसून, विसरल्याचे लक्षात येणे हाच या सरावाचा गाभा आहे.

पहिली पायरी: तीन दिवस फक्त पाहावे

पहिले तीन दिवस काहीही बदलू नये. एक लहान वही किंवा कागद जवळ ठेवावा आणि जेव्हा जेव्हा घाई झाल्याचे लक्षात येईल, तेव्हा दोनच गोष्टी लिहाव्यात: त्याआधी काय करत होतो आणि त्यानंतर काय करायचे होते. कारणे लिहू नयेत, स्वतःला दोष देऊ नये. घाई बहुधा मनाआधी शरीरात दिसते. दात आवळलेले असतात, खांदे कानांकडे चढलेले असतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलेला असतो, बसल्या जागी पाय हलत असतो. या खुणा ओळखायला शिकणे हेच या तीन दिवसांचे काम आहे.

तीन दिवसांनी कागद पाहिला, की बहुतेकांना एक गोष्ट दिसते. घाईच्या नोंदी दिवसभर सारख्या पसरलेल्या नसतात, त्या दोन-तीन ठिकाणी दाटलेल्या असतात. एखाद्याची नोंद सकाळी घराबाहेर पडण्याच्या वेळेभोवती गोळा होते, एखाद्याची कामावरून परत आल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत, तर एखाद्याची झोपण्यापूर्वी. माझ्या बाबतीत ती जागा कामाच्या टेबलावरून उठून घरच्या माणसांत जाण्याची होती. तीन पावलांचे अंतर असूनही मी ते कधी नीट ओलांडत नव्हतो; डोक्यात अर्धवट राहिलेले पत्र असायचे आणि समोरच्याच्या प्रश्नाला मी तुटक उत्तर द्यायचो. ही जागा कागदावर दिसेपर्यंत मला वाटत होते, की माझा स्वभावच तापट होत चालला आहे.

दुसरी पायरी: एकच सांधा निवडावा

कागदावर सर्वांत जास्त वेळा आलेला एकच सांधा निवडावा आणि पुढचे दोन आठवडे फक्त त्यावर काम करावे. इथे लोभ आवरणे फार महत्त्वाचे आहे. पहिल्या उत्साहात सकाळपासून रात्रीपर्यंत सगळेच सावकाश करायचे ठरवणारा माणूस चौथ्या दिवशी थकतो आणि हे आपल्याला जमणारे नाही, असे ठरवून मोकळा होतो.

सांध्यावर काय करायचे, ते सविस्तर सांगतो, कारण हा या लेखातला सर्वांत उपयोगी भाग आहे.

आधीचे काम सोडण्यापूर्वी, ते पूर्ण झाले असो वा नसो, एक ओळ लिहावी: काम कुठे थांबले आहे आणि परत आल्यावर पहिली कृती कोणती करायची आहे. ‘हिशेबाचा तिसरा रकाना तपासून झाला, उद्या चौथ्यापासून’ इतके पुरते. यामागे ठोस कारण आहे. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना आपले थोडे लक्ष पहिल्या कामातच रेंगाळते, विशेषतः ते अपुरे राहिले असेल तर, आणि त्यामुळे दुसरे काम कमी प्रतीचे होते. २०१८ मध्ये तिने आणि थेरेसा ग्लॉम यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मध्येच थांबावे लागलेल्या कामाकडे परतण्याची छोटीशी योजना लिहून ठेवली, तर हे रेंगाळणे कमी होते. मनाची जी धडपड ‘विसरू नकोस, विसरू नकोस’ अशी चालू असते, ती कागदाने अंगावर घेतल्यावर मन मोकळे होते.

ओळ लिहून झाल्यावर हातातली वस्तू खाली ठेवावी आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून तीन श्वास घ्यावेत. मनात चार आकडे मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा आकडे मोजत बाहेर सोडावा. आकडे साधारण सेकंदाच्या गतीने मोजले, तर एक श्वास दहा सेकंदांचा होतो आणि तीन श्वासांना अर्धा मिनिट लागतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. या पद्धतीत तो वेग सहावर येतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर सोडताना मंदावतात, कारण हृदयाला संथ करणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव उच्छ्वासाच्या वेळी वाढतो. म्हणून बाहेर जाणारा श्वास लांबवायचा. खूप खोल श्वास ओढण्याची गरज नाही. जोर लावून भराभर खोल श्वास घेतल्यास उलट गरगरल्यासारखे होते. चार-सहाचे मोजमाप अवघड वाटले, तर तीन-पाच करावे.

त्यानंतर पुढच्या कामाचे नाव मनातल्या मनात घ्यावे. ‘आता जेवायला बसतो आहे.’ ‘आता मुलाशी बोलतो आहे.’ हे थोडे बालिश वाटेल, पण करून पाहावे. नाव घेतले, की त्या कामाचा उंबरठा ओलांडल्यासारखे होते. दाराची मूठ, खुर्चीची पाठ, नळाची तोटी अशी त्या सांध्यावर हमखास हाताला लागणारी एखादी वस्तू आठवणीची खूण म्हणून ठरवून घ्यावी, म्हणजे तिला हात लागला की सराव आपोआप आठवतो. फोनवर गजर लावून आठवण ठेवण्याचा मार्ग मला स्वतःला लाभला नाही. गजर बंद करण्याचीही घाईच झाली.

तिसरी पायरी: रोजचे एक काम पूर्ण लक्ष देऊन

दोन आठवड्यांत तो सांधा थोडाफार अंगवळणी पडला, की रोज करावे लागणारे एक साधे काम निवडावे. ते हाताने करायचे असावे, पाच-दहा मिनिटांत संपणारे असावे आणि त्यात बुद्धीला फार ताण नसावा. भांडी घासणे, कपड्यांच्या घड्या घालणे, दाढी करणे, झाडांना पाणी घालणे, काहीही चालेल.

समजा, भांडी घासण्याचे काम घेतले. सुरुवातीला फक्त पाण्याचा स्पर्श पाहावा: बोटांवर पडणारी धार थंड आहे की कोमट, ती मनगटावर कुठपर्यंत येते, साबण लागल्यावर बोटांची पकड कशी निसटते. काचेचा पेला घासताना त्याच्या कडेवरून बोट फिरवले, की साबण पूर्ण निघाला आहे की नाही ते कळते. निसरडेपणा जाऊन बोट किंचित अडखळते आणि स्वच्छ काच बारीक कुरकुरते. हा आवाज मी कित्येक वर्षे ऐकलाच नव्हता. भांडी तीच होती, नळ तोच होता, आणि मी दररोज तिथे उभा असायचो. मन मात्र पुढच्या दहा कामांची यादी करत असायचे.

मन भटकणारच. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसात केव्हाही विचारले जात असे, की या क्षणी तुम्ही काय करत आहात, तुमचे मन कुठे आहे आणि तुम्हाला कसे वाटते आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते. आणखी लक्षणीय गोष्ट अशी, की मन सुखद विचारांत रमले होते तेव्हाही लोक हातातल्या कामात असतानापेक्षा अधिक आनंदी नव्हते. म्हणजे भटकणे हा मनाचा नेहमीचाच व्यवहार आहे, तुमच्या एकट्याचा दोष नाही. मन गेले असे लक्षात आले, की ‘गेले होते’ इतकेच म्हणावे आणि पुन्हा पाण्याकडे यावे. दहा मिनिटांत वीस वेळा परत यावे लागले, तर वीस वेळा सराव झाला असे समजावे.

चौथी पायरी: फोन

याविषयी इतके बोलले जाते, की मी थोडक्यात सांगतो. फोन वाईट नाही, पण तो प्रत्येक सांधा भरून टाकतो. लिफ्टची वाट पाहणे, पाणी उकळण्याची वाट पाहणे, रांगेत उभे राहणे, अशा ज्या जागी मनाला पूर्वी सहज उसंत मिळत असे, तिथे आता हात खिशाकडे जातो. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. माणसांचे फोन आणि थेट आपल्याला आलेले संदेश वगळता बाकी सर्व सूचना बंद कराव्यात. झोपण्याच्या खोलीत फोन नेऊ नये. उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ वापरावे. आणि दिवसातली एक वाट पाहण्याची जागा फोनशिवाय काढायची, असे ठरवावे. ज्यांचे आईवडील दूर राहतात किंवा ज्यांच्या घरी आजारपण आहे, त्यांनी फोन शेजारच्या खोलीत, पण आवाज चालू ठेवून ठेवावा; काळजीने मन टांगणीला लागत असेल, तर फोन दूर ठेवून काही साधत नाही.

पाचवी पायरी: वेळेचा अंदाज सुधारावा

सावकाश जगण्याची कितीही इच्छा असली, तरी दहा मिनिटांच्या कामाला पाच मिनिटे ठेवली असतील तर घाई होणारच, आणि तिथे श्वासाचा काही उपयोग होत नाही. हा भाग सजगतेच्या चर्चेत फार दुर्लक्षिला जातो, असे माझे ठाम मत आहे. माणसे आपल्याच कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरतात. रॉजर ब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, हे विचारले होते. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा निघाला. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून थोडा अधिक वेळ लागला. आपण काम जसे सुरळीत व्हावे असे चित्र रंगवतो, त्यावरून अंदाज बांधतो. मागच्या वेळी प्रत्यक्ष काय झाले होते, ते विचारात घेत नाही.

उपाय साधा आहे. आठवडाभर रोजच्या चार-पाच कामांना प्रत्यक्ष किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजावे. घरातून निघण्याची तयारी ‘वीस मिनिटांची’ वाटत असते आणि मोजली की पस्तीस मिनिटांची निघते. मग दिवसाचे वेळापत्रक या मोजलेल्या आकड्यांवर बसवावे आणि दोन मोठ्या कामांमध्ये दहा मिनिटे कोरी सोडावीत. त्या कोऱ्या जागेत नवे काम घुसवण्याचा मोह रोज होईल. तो झाला, की ते काम कागदावर लिहावे आणि जागा कोरीच ठेवावी. असे केल्यावर काही कामे दिवसात मावत नाहीत, हे स्पष्ट दिसू लागते. ते पाहणे क्लेशदायक असते. पण मावत नसलेले काम नाकारायचे, पुढे ढकलायचे की कोणाची मदत मागायची, हा निर्णय निदान उघड्या डोळ्यांनी घेता येतो.

सहावी पायरी: माणसांसाठी थांबावे

ज्या कारणासाठी मी या सगळ्याकडे वळलो, ते कारण इथे आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला वारंवार आठवतो. प्रिन्स्टन इथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले गेले. काहींना सांगितले होते की तुम्हाला उशीर झाला आहे, काहींना सांगितले होते की अजून पुरेसा वेळ आहे. वाटेत एक माणूस दारात कोसळून कण्हत पडलेला होता. त्याची योजना अर्थातच प्रयोगासाठी केलेली होती. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के जण मदतीला थांबले. घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. काही विद्यार्थी तर वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करण्याच्या बायबलमधल्या गोष्टीवरच भाषण द्यायला निघाले होते, आणि त्याने फारसा फरक पडला नाही. ते विद्यार्थी निष्ठुर नव्हते. घाई झालेल्या माणसाला समोरचे दिसणेच कमी होते.

घरात ही गोष्ट रोज घडते. म्हणून दिवसातून एकदा तरी कोणाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे. हातातले काम खाली ठेवावे, शरीर त्या माणसाकडे वळवावे, आणि बोलणे संपल्यावर एक श्वास जाऊ द्यावा, मग उत्तर द्यावे. खरोखर वेळ नसेल, तर अर्धवट ऐकत ‘हं, हं’ म्हणण्यापेक्षा ‘मला हे काम पंधरा मिनिटांत संपवू दे, मग तुझ्याजवळ बसतो’ असे सांगावे आणि पंधरा मिनिटांनी खरेच बसावे. मुले आणि म्हातारी माणसे हा शब्द पाळला जातो की नाही, ते फार बारकाईने पाहतात.

सातवी पायरी: काहीही न करता बसणे

ही पायरी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती वाटते त्याहून कठीण आहे. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या एका प्रयोगात लोकांना १५ मिनिटे एका खोलीत स्वतःच्या विचारांसोबत एकटे बसायचे होते. सोबत एक बटण होते, जे दाबले की विजेचा सौम्य झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असे आधी सांगणाऱ्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी तो एकदा तरी स्वतःला देऊन घेतला. तेव्हा पहिल्या दिवशी दोन मिनिटांतच उठावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. दोन मिनिटांपासून सुरुवात करावी, आठवड्याला एक-एक मिनिट वाढवावे, खिडकीबाहेर पाहत बसावे. डोळे मिटणे बंधनकारक नाही.

इथे एक सूचना गांभीर्याने देतो. ज्यांनी मोठा आघात सोसला आहे किंवा जे तीव्र नैराश्यातून जात आहेत, त्यांना शांत बसल्यावर नको त्या आठवणी अंगावर येऊ शकतात, छातीत धडधड वाढू शकते. तसे झाल्यास नेटाने बसून राहू नये. डोळे उघडावेत, उठून चालावे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत, आणि त्रास वारंवार होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. हाताने करायचे काम आणि चालणे, हे अशा वेळी बसण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित असते.

खंड पडला तर

खंड पडतोच. पाहुणे येतात, आजारपण येते, कामाचा एखादा आठवडा सगळे उधळून लावतो. २१ दिवसांत सवय लागते असे सर्रास सांगितले जाते, पण फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाची मध्यम संख्या ६६ दिवसांची निघाली, आणि माणसागणिक व कृतीगणिक तो काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही, असेही त्यात दिसले. म्हणून चुकलेल्या दिवसांची भरपाई करण्याच्या मागे लागू नये. दुप्पट सराव करून उणीव भरून काढण्याची धडपड ही पुन्हा घाईच आहे. पुढचा सांधा येईल, तिथून धरावे. सगळ्या पायऱ्या जमल्या नाहीत, तर बाकीच्या सोडून दुसरी पायरी, म्हणजे एका सांध्यावरचा सराव, तेवढी टिकवावी.

आज रात्री झोपण्यापूर्वी एक कागद आणि पेन दाराजवळ, किल्ली ठेवता तिथे ठेवावे. उद्या निघताना किल्ली हातात घ्यावी, ती कुलपात फिरताना होणारा आवाज ऐकावा, कुलूप एकदा ओढून पाहावे आणि मग जिना उतरावा.